देवाचं बिऱ्हाड

(वाई येथे कृष्णामाईच्या उत्सवात घाटावर झालेल्या कीर्तनातील निरूपण)

जय जय रामकृष्ण हरी!

मायबाप श्रोतेहो, समोर कृष्णामाईचं पाणी आहे, पाठीशी ढोल्या गणपती आहे, आणि मध्ये आपण बसलो आहोत. अशा ठिकाणी नामाची सेवा घडणं हे भाग्याशिवाय होत नाही.

आजचा विषय मी तुमच्या गावातूनच उचलला आहे. सकाळी स्टँडवरून चालत येत होतो. रस्त्याच्या कडेला सामानाचा टेम्पो उभा होता. आत कपाट, गाद्या, शिलाई मशीन, आणि सगळ्यात मागे सुतळीने बांधलेली तुळशीची कुंडी. कुणाचं तरी बिऱ्हाड नव्या गावात येत होतं. मनात आलं, आज यावरच बोलावं. कारण असं बघा, ज्याच्या नावाने आपण टाळी वाजवतो, तो देव तरी पंढरीचा मूळचा कुठे आहे? तोही बाहेरगावचाच! (हशा)

हसू नका, खरं सांगतो. देवाचं घर द्वारकेला. सोन्याची नगरी, काय कमी होतं? पण एकदा राधा आली, देवाजवळ बसली, आणि रुक्मिणीमाता आल्या तरी उठली नाही. माता रुसल्या. रुसल्या त्या थेट निघाल्या, आणि चंद्रभागेच्या काठी दिंडीरवनात येऊन बसल्या. मागोमाग देव शोधत आले. गाई-गोपाळ गोपाळपुरात थांबले आणि देव एकटे पुढे निघाले. वाटेत पुंडलिकाचं घर लागलं.

हा पुंडलिक पहिल्यापासून शहाणा नव्हता बरं का. काशीला निघाला तेव्हा हा आणि बायको घोड्यावर, आणि म्हातारे आईबाप, जानुदेव आणि सत्यवती, पायी! कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. परत फिरला, आणि आईबापांची सेवा धरली. देव दारात आले तेव्हा तो त्यांचे पाय चेपत होता. म्हणाला, "देवा, जरा थांब, एवढी सेवा होऊ दे." दारात चिखल. देवाने उभं कुठे राहायचं? हाताशी वीट होती, ती पुंडलिकाने सरकवली.

आता इथे थांबा. वीट म्हणजे काय हो? घराचा सगळ्यात लहान तुकडा. पुंडलिकाने आपलं सगळं घर आईबापांना दिलं आणि देवाला एक वीट दिली. देवाने तक्रार केली का? "माझी द्वारका केवढी, आणि मला एवढीच जागा?" असं म्हणाला का? सातबारा मागितला का? नाही. कमरेवर हात ठेवले आणि उभा राहिला. द्वारकेत महाल होते, तिथून देव निघाला. पंढरीत एक वीट मिळाली, तिथून अजून हललेला नाही!

म्हणजे माणूस कुठे टिकतो? जागा मोठी असते तिथे नाही. मनापासून जागा दिली जाते तिथे टिकतो.

विठ्ठल विठ्ठल! (नामाचा गजर)

आता याच वाईतली गोष्ट सांगतो. नावं घेत नाही, कदाचित ती मंडळी इथेच बसली असतील. मला त्या घरच्या सूनबाईंनीच सांगितली, आणि "महाराज, कीर्तनात सांगा" म्हणाल्या, म्हणून सांगतो.

मुंबईचं कुटुंब. आजोबा गिरणीत होते, ते गेले. आजींची उभी हयात परळच्या चाळीत, एका खोलीत गेली. मुलाचं काम घरी बसून करता येण्यासारखं. त्याने विचार केला, मुलांना मोकळी हवा मिळेल, आईला नदी मिळेल, देवळं मिळतील. चाळीतली खोली विकली आणि गावाबाहेर नवं घर घेतलं. अंगण आहे, खिडकीतून पांडवगड दिसतो. आल्या दिवशी तो आईला म्हणाला, "आई, आयुष्यभर राबलीस. आता तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. नुसता आराम."

बोलला प्रेमाने. पण श्रोतेहो, प्रेमातसुद्धा माणूस चुकतो. आईला स्वतंत्र खोली मिळाली, काम मात्र मिळालं नाही. भाजी चिरायला यंत्र, दही पिशवीतलं, देवघर भिंतीवर उंच, म्हणजे सुनेला उभ्याने पूजा करता यावी. आजींना तिथे हात पुरेना. चाळीत दिवसातून दहा वेळा कडी वाजायची. कुणाला साखर हवी, कुणाचं मूल सांभाळायचं, कुणी किल्ली ठेवून जायचं. इथे घंटी सुंदर, पण वाजवणार कोण?

हळूहळू आजींचं जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही. एका रात्री आजी म्हणाल्या, "मला परळला नेऊन सोड." मुलगा चिडला. "खोली विकली ना आई! हे सगळं कुणासाठी केलं मी?" आजी एवढंच म्हणाल्या, "घर चांगलं आहे रे. पण मी यात पाहुणी आहे."

पुढे माईच्या उत्सवाचे दिवस आले. एके दिवशी सकाळी उठून बघतात तर आजी घरात नाहीत. चपला नाहीत. मुलगा स्टँडवर गेला, बाजारात गेला, गणपतीच्या देवळात गेला. नाहीत. मग घाटाकडे वळला. सूनबाई सांगत होत्या, "महाराज, पाण्याकडे बघायचा आम्हाला धीर होईना."

आणि मांडवामागे बघतात तर काय! प्रसादाच्या स्वयंपाकाची गडबड चाललेली, पंधरा-वीस बायका भाजीला बसलेल्या, आणि मध्ये आजी! विळीवर भोपळा चिरताहेत, आणि शेजारच्या मुलीला रागावताहेत, "अगं, एवढ्या मोठ्या फोडी करतात का? शिजायच्या कधी?" मुलाच्या डोळ्यांत पाणी, ओठांवर राग. तो काही बोलणार, तोच आजींनी वर बघितलं. "आलास? बरं झालं. ते पातेलं उचल, एकटीला झेपत नाही तिला."

आणि श्रोतेहो, त्याने पातेलं उचललं. त्या दिवशी पंगतीत वाढलंही. इतके महिने गावात राहून गावातल्या माणसाच्या पानात त्याने पहिल्यांदा भात घातला.

काय घडलं होतं? आजी नुसत्या नदी बघायला आल्या होत्या. कडेला उभ्या होत्या. एका बाईने हाक मारली, "आज्जी, उभ्या का? या की, विळी चालवता येते का?" बस, एवढंच! तुम्ही कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. सरकून जागा दिली आणि विळी पुढे केली. पुंडलिकाने तरी दुसरं काय केलं होतं?

सूनबाई शहाणी. दुसऱ्या दिवशी देवघर खाली पाटावर घेतलं आणि म्हणाली, "आई, उद्यापासून पूजा तुमची आणि दहीही तुमच्याकडे." आजी म्हणाल्या, "दही लावते, पण विरजण कुठाय?" नातवाच्या हाती वाटी दिली आणि त्याला शेजारी पाठवला. शेजारीण वाटी भरून घेऊन स्वतःच आल्या. म्हणाल्या, "आम्ही कधीचं म्हणतोय यावं, पण तुम्हाला आवडेल की नाही, म्हणून राहिलो."

बघा, दूध ज्याचं त्याच्या घरचं असतं, विरजण मात्र मागून आणावं लागतं. नव्या गावात कुणाकडे काही मागायला लाजू नका. मागणारा लहान होत नाही. मागितलं की समोरच्याला द्यायची संधी मिळते.

आता दोन शब्द गावकरी मंडळींना. नवं माणूस आलं की आपण लगेच म्हणतो, "ते होय, ते मुंबईवाले." वर्षानुवर्षं ते मुंबईवालेच राहतात! आळंदीची आठवण ठेवा. विठ्ठलपंत आपेगावचे, आळंदीला स्थायिक झाले. त्यांच्या चार लेकरांना गावाने जागा दिली नाही, वाळीत टाकलं. त्या लेकरांनी गावाला शाप दिला का? त्यातल्याच ज्ञानोबांनी 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, आणि शेवटी पसायदान मागितलं. त्यात स्वतःला घर मागितलं नाही, साऱ्या विश्वासाठी मागितलं. आणि 1296 साली समाधी घ्यायला आले कुठे? आळंदीलाच! ज्यांना गावाने घालवलं, त्यांच्या नावाने आज ते गाव ओळखलं जातं. म्हणून दारी आलेल्याला लहान समजू नका. कोण कुणाच्या रूपाने आलंय, सांगता येत नाही.

तुमचा ढोल्या गणपतीच बघा. रास्त्यांनी 1762 साली देऊळ बांधलं, अगदी नदीच्या काठावर. पूर येणार हे ठाऊक होतं. मागची भिंत माशाच्या आकाराची केली, म्हणजे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं. पाण्याला जागा दिली, म्हणून देऊळ उभं आहे. घराचंही तसंच. म्हाताऱ्यांच्या आठवणींना, सुनेच्या सवयींना, मुलांच्या दंग्याला वाट द्या. रुसवे-फुगवे होणारच. पंढरीत रुक्मिणीमातेचं देऊळ आजही वेगळंच आहे, पण आवार एकच आहे!

तेव्हा आज घरी जाताना एवढंच करा. नवे राहायला आला असाल, तर उद्या शेजारी वाटी घेऊन जा. जुने असाल, तर ज्या नव्या दाराची घंटी अजून वाजवली नाही, ती वाजवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस रिकामं बसलं असेल, तर त्याच्या हातात काहीतरी काम द्या. शेंगा सोलायला द्या, वाती वळायला द्या. तीच त्यांची वीट.

सकाळी बघितलेल्या त्या टेम्पोतली तुळस आता कुठल्याशा अंगणात उतरली असेल. तिला वाईचं पाणी मानवो, आणि त्या घराला हे गाव मानवो, एवढं कृष्णामाईपाशी मागू आणि सेवा पूर्ण करू.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!