स्की न येणाऱ्यांचं गुलमर्ग

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण, सक्करदरा, जानेवारी 2025)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "दहा मिनिटं बोल, पण आजारपण आणि सुना-जावई हे विषय नकोत." मग माझ्याकडे एकच विषय उरला. बर्फ!

गेल्या वर्षी, फेब्रुवारी 2024 मध्ये, आपल्या 1975 च्या बॅचमधल्या आम्ही चौघी गुलमर्गला जाऊन आलो. आठ गुडघ्यांपैकी दोन नवे, बाकीचे सहा कुरकुरणारे. स्कीइंग एकीलाही येत नाही आणि शिकायचा विचारही नव्हता. निघण्याआधी शेजारणी विचारायच्या, "काहून जाता वं तिथं? तुमाले काय घसरता येते?" आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी आहे.

थंडी म्हणजे काय, हे नागपूरकरांना कोणी शिकवायला नको. 29 डिसेंबर 2018 ला आपल्याकडे पारा 3.5 अंशांवर आला होता, तेव्हा चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या होत्या. पण ती थंडी सोसायची असते. गुलमर्गची थंडी बघायची असते. काश्मिरात 21 डिसेंबरपासूनच्या कडक चाळीस दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात. आम्ही मुद्दाम ते दिवस टाळून नंतर गेलो. श्रीनगरहून टंगमर्गला आलो, तिथे गमबूट आणि जाड कोट भाड्याने घेतले, आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीतून वर चढलो. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. आपलं नागपूर तीनशेच्या आसपास. म्हणून पहिला दिवस फक्त खिडकीशी बसून काढला. देवदारांवरून बर्फ कसा धपकन् खाली पडतो, हे बघण्यात संध्याकाळ कधी झाली कळलंही नाही.

तिथे इंग्रजांनी 1927 साली स्की क्लब काढला, म्हणजे हा खेळ तिथे जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. आम्ही होतो त्याच दिवसांत खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा चालू होत्या. कर्नाटकातल्या कोडगूची, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली भवानी थेक्कडा नंजुंडा ही मुलगी या स्पर्धांमध्ये नॉर्डिक स्कीइंगची पदकं मिळवते. बर्फ न पडणाऱ्या गावातून येऊन! आम्ही काठावर उभ्या राहून, कोण कुठल्या राज्याचं हे न बघता, सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. पी.टी.च्या तासाला काठावर बसणाऱ्यांत मी कायम असायची, हे आपल्या सरांना आठवत असेल. काठावर बसणं ही शिक्षा नसते, काठावरून सगळं मैदान दिसतं, हे मला पासष्टीत कळलं.

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या अंगाला, जवळपास 3,950 मीटरवर. डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे आम्ही पहिल्याच टप्प्यावर उतरलो. तिथे केशर-बदाम घातलेला कहवा घेतला. मग एकीने हौसेने नून चाय मागवला. तो गुलाबी चहा खारट असतो. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "अवं, आपण सक्करदऱ्याच्या, अन् हा मिठाचा चहा पाजून राहिला!" पण पेला तिने संपवला.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्यातल्या एकीचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तिचं जग घर आणि बुधवार बाजार एवढंच राहिलं होतं. तिला आम्ही जवळजवळ ओढून नेलं. तिथे स्लेजवाले मागे लागतात. लाकडी फळीवर आपण बसायचं, पुढे माणूस दोरी ओढतो. ती बसेना. "माणसानं माणसाला ओढायचं? मला नाही बरं वाटत," म्हणाली. तेव्हा तो स्लेजवाला, असेल पन्नाशीचा, शांतपणे हिंदीत म्हणाला, "माताजी, यंदा जानेवारीभर बर्फच पडला नाही. आमच्या घरात चूल नीट पेटली नाही. स्की करणारे स्वतःच घसरत जातात, त्यांना मी लागत नाही. तुम्ही बसलात तर मला काम आहे."

ते खोटं नव्हतं. 2024 चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडाच गेला होता. वर्तमानपत्रांत उघड्या मैदानाचे फोटो आले होते.

ती बसली. आधी बुधवार बाजारात करते तशी घासाघीस केली, मग उतरल्यावर ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आधी तयार होऊन दाराशी उभी होती. "तो वाट बघत असेल," म्हणाली. तीन वर्षांनी तिला कोणाची तरी वाट बघण्याची खात्री वाटली, हे मी मनाशी टिपून ठेवलं.

टेकडीवरचं 1915 सालचं शिवमंदिरही पाहिलं. 1974 च्या 'आप की कसम'मधलं राजेश खन्ना-मुमताजचं गाणं तिथलंच. पायऱ्यांवर आम्ही दर दहा पावलांनी थांबलो, पण चढलो. गेल्या जूनमध्ये त्या देवळाला आग लागली. बातमी वाचली तेव्हा चौघींनी एकमेकींना फोन केले. 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य आपल्या वयात जपून वापरावं, एवढंच त्या दिवशी वाटलं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. प्रीपेड मोबाइल तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतो. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड जास्त ठेवा, ओल्या पायांनी सगळी मजा जाते. काठी न्या, लाजू नका. उन्हाचा चष्मा हवाच, बर्फावरचं ऊन डोळ्यांत खुपतं. आणि स्लेजचा, घोड्याचा भाव आधी ठरवा. सोबत संत्रा बर्फी न्यायला विसरू नका. स्लेजवाल्याच्या नातवंडांना ती फार आवडली, असा निरोप आहे.

मित्रहो, या सभागृहात असे कितीतरी जण आहेत, जे म्हणतात, "आता आपल्याला काय जमतं?" नाही जमत. घसरायला नाही जमत, चढायला नाही जमत. पण बघायला जमतं, टाळ्या वाजवायला जमतं, भाव करायला जमतं, आणि एखाद्या मैत्रिणीला घराबाहेर काढायला तर नक्कीच जमतं. आपल्यातली जी मंडळी आज इथेही आली नाहीत, त्यांचे नंबर संयोजकांकडे आहेत. जेवणाच्या आधी प्रत्येकाने एक फोन करावा, एवढीच माझी विनंती.