अळंबी : घ्यावी कशी, ठेवावी कशी
(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



अळंबीवर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला संकोच वाटला. त्याचे कारण आधी सांगते.

मागे आषाढात याच मंडळात मी अळंबीची भाजी करून दाखवली आणि तिची तोंड भरून स्तुती केली. आठवडा गेला नाही तोच आमच्या शेजारच्या सूनबाईंनी उकिरड्याच्या कडेला उगवलेल्या पांढऱ्या छत्र्या खुडून आणल्या. “काकूच म्हणाल्या होत्या ना, पौष्टिक असते म्हणून!” रात्री सगळे जेवून निजले. पहाटे मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून निभावले. चौथ्या दिवशी पोरे घरी आली. पण मी अर्धेच सांगितले होते, हा दोष माझा.

तेव्हा राहिलेले अर्धे ऐका. पाकिटातून येते ती बटण अळंबी. ती गव्हाच्या काडाच्या कुजवलेल्या खतावर, बंद खोलीत मुद्दाम वाढवलेली असते. हिमाचलातील सोलन येथे १९८३ साली अळंबीसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. रानातली छत्री दिसायला तशीच पांढरी असली तरी तिची जात कोण जाणे! गोव्यात पावसाळ्यात वारुळावरची अळंबी भाव देऊन घेतात. पण तिथे ती पिढ्यान् पिढ्या ओळखणारी माणसे आहेत. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, किडीने खाल्ली असेल तर चांगली, या साऱ्या समजुती खोट्या. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. सहा-बारा तास काहीच होत नाही आणि तोवर यकृतावर घाला पडलेला असतो. चुकून खाल्लीच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. उरलेला तुकडा बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

आता खरेदी. टोपी मिटलेली, कोरडी आणि घट्ट असावी. टोपी उघडून खालच्या पाकळ्या तपकिरी झाल्या तर ती जून झाली एवढेच. पण बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला, तर पैशांकडे न पाहता टाकून द्या.

घरी आणल्यावर धुवून ठेवण्याची आपली सवय इथे नडते. अळंबी दहांत नऊ भाग पाणीच असते. आणखी पाणी लागले की ती लवकर नासते. न धुता कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस राहते. हवाबंद डब्यात कोंडू नका. फ्रीज नसेल, किंवा वीज तासन् तास जात असेल, तर आणली त्याच दिवशी करावी. माठाजवळच्या गारव्यावर भिस्त नको. जास्त आली तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे घालून, निथळून, बर्फाच्या कप्प्यात ठेवता येते. वाळवायची झाल्यास धिंगरी बरी; बटण अळंबी काळपट पडते. तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवू नका, त्यात घातक विष तयार होऊ शकते.

करायच्या वेळी भराभर धुवा, पुसा, जाड चिरा. कढई चांगली तापू द्या, थोडी-थोडी टाका आणि मीठ शेवटी घाला. आधी घातले की पाणी सुटून ती परतण्याऐवजी उकडते. पाणी आटून कडा तांबूस झाल्या की बाजूला काढा. मग आपली नेहमीची फोडणी, कांदा, लसूण, दोन चमचे येसर पाण्यात कालवून, आणि दाण्याचे कूट. रश्शाला उकळी आली की अळंबी सोडा. ती जास्त शिजली तरी विरघळत नाही, ही तिची मोठी सोय. एका पाकिटात २०० ग्रॅम असते, पण शिजून निम्मी होते. पाच माणसांना पुरवायची तर बटाटा किंवा मटार घालावाच लागतो.

मटणाच्या तोडीची, असे काहीजणी म्हणतात ते मात्र खरे नव्हे. १०० ग्रॅम ताज्या अळंबीत प्रथिने तीन ग्रॅमच्या आसपास. भाकरीबरोबरचे वरण बंद करून तिच्यावर विसंबू नये. आमच्या सासूबाई तर तिला शिवतही नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे पातेले असते. उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खळखळून उकळला तर चालतो.

शेजारच्या सूनबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनीच पाकीट आणले आहे. भाषणानंतर चुलीपाशी या, तीच करून पाहू.