आधी जागा, मग झाड
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांसमोर केलेले भाषण)



नोकरीनिमित्त आपण ज्या चंडीगढला येऊन स्थिरावलो, तिथली झाडेही विचारपूर्वक लावलेली आहेत. १९५०च्या दशकात ल कॉर्बुझिए शहर आखत असताना कोणत्या रस्त्याला कोणते झाड लावावे, याचा विचार वनस्पतिशास्त्रज्ञ व सनदी अधिकारी डॉ. महिंदरसिंग रंधावा यांनी केला. सेक्टर १६ मधली १९६७ची गुलाबबागही त्यांच्याच पुढाकारातली. त्यांच्या कामातला धडा आपल्या अंगणालाही लागू पडतो : आधी जागा पाहावी, मग झाड निवडावे.

इथे मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तर जानेवारीत धुके आणि कडाक्याची थंडी. म्हणून घराच्या दक्षिणेला व पश्चिमेला पानगळीचे झाड हवे. तुती किंवा बकाण उन्हाळ्यात सावली देते आणि थंडीत पाने गाळून ऊन घरात येऊ देते. सदाहरित आंबा दक्षिणेला खिडकीसमोर लावला, तर हिवाळाभर खोली गारठलेली राहील. त्याला उत्तरेची बाजू द्यावी.

आपल्या मनात नारळ आणि हापूस असतो, हे मी जाणतो. पण नारळाला इथली थंडी मानवत नाही आणि आंब्यात दशहरी, लंगडा हेच इथले. मात्र प्राजक्त, डाळिंब, कढीपत्ता, कांचन, बहावा इथेही छान वाढतात.

अंतराची गोष्ट तर जिवाची आहे. जुलै २०२२ मध्ये सेक्टर ९ मधल्या एका शाळेच्या आवारातला जुना पिंपळ कोसळून एका विद्यार्थिनीचा बळी गेला. वड-पिंपळ मोकळ्या मैदानातच शोभतात. लहान अंगणात भिंत, सांडपाण्याची पाइप आणि विजेच्या तारा यांपासून दूर, मध्यम उंचीचेच झाड लावावे. आज हातभर असलेले रोप वीस वर्षांनी केवढे होईल, ते डोळ्यांसमोर आणावे. फांद्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाणार असतील, तर आधी त्यांच्याशी बोलावे.

हे पावसाळी दिवस लागवडीला उत्तम. पिशवी काढूनच रोप लावावे, बुंध्याशी मातीचा ढीग करू नये, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत आंब्याच्या रोपावर गवताचे छप्पर घालावे.

आपल्यापैकी अनेकजण सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. बदली होईल, घर सुटेल. पण आपण लावलेला प्राजक्त पुढच्या कुटुंबाच्या अंगणात सडा घालील. या शहराने आपल्याला सावली दिली, त्याची एवढी परतफेड आपण जरूर करू या.

गणपती बाप्पा मोरया!