चवदार तळे आणि पूर्वापारची वहिवाट

आपल्या नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही चावडीवर जाऊन बसा. वाद पेटला की कोणीतरी म्हणणारच, “हे पूर्वापार असंच चालत आलंय!” चावडीवर एवढ्याने वाद मिटतो. कोर्टात मिटतो का?

महाडचेच घ्या. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली अस्पृश्यांना खुले केले. कागदोपत्री, बरं का! २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष पाणी प्याले, तेव्हा परतणाऱ्या लोकांना मार खावा लागला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तोच काही स्पृश्य गृहस्थांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळवला. जमलेल्या हजारोंनी तो पाळला. मनुस्मृती जाळली, पण पाण्याला हात लावला नाही. तहानलेल्या माणसाने कोर्टाचा एवढा मान राखावा, याचे मला अजून नवल वाटते.

तिकडे अमेरिकेत १८९६ साली प्लेसी खटल्यात गोऱ्याकाळ्यांचे वेगळे रेल्वेडबे सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. आधार? पुन्हा लोकांच्या रूढी आणि परंपरा! सात न्यायमूर्ती एका बाजूला, एकटे हार्लन विरोधात. हे गृहस्थ एकेकाळी गुलामगिरीचे कैवारी होते. पण ‘आपल्या संविधानाला रंग दिसत नाही’ अशा अर्थाचे भिन्नमत त्यांनीच लिहून ठेवले. शाळांपुरता तो निकाल उलटायला १९५४ साल उजाडले.

महाडचा मनाईहुकूम १९२८ मध्ये उठला. दावा मात्र दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी (गांधीजींना १९२२ साली शिक्षा देणारे तेच हे) स्पृश्यांचे अपील फेटाळले. कारण काय, तर वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी इतरांना कोण कशाला अडवील? पण ती अनादी ठरली असती तर? वहिवाटच अन्याय्य आहे का, या प्रश्नाचा निर्णय द्यायची वेळ कोर्टावर आलीच नाही. जिंकलेल्या खटल्यातली ही उणीव मला बोचते. ती भरून काढली १९५० साली संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने.

पूर्वापारचा तोच दाखला आपल्या शनिशिंगणापुरातही दिला गेला, स्त्रियांना चौथऱ्यावर मज्जाव करताना. २०१६ साली उच्च न्यायालयाने सरकारला मंदिरप्रवेशाच्या कायद्याची आठवण करून दिली आणि त्या पाडव्याला स्त्रिया चौथरा चढल्या. कायदा होता १९५६चा!