ध्यानाच्या वरची पायरी

कर्म, धर्म आणि ध्यान हा विषय मोठा आहे. मी गीतेतल्या एकाच श्लोकाबद्दल बोलतो, बाराव्या अध्यायातला बारावा.

भगवंतांनी तिथे क्रम लावला आहे. अभ्यासापेक्षा ज्ञान बरं, ज्ञानापेक्षा ध्यान. आपल्याला वाटतं, झालं! पण ध्यानाच्याही वर त्यांनी कर्मफलत्याग ठेवला आहे. हा उत्सव सार्वजनिक करणाऱ्या लोकमान्यांच्या १९१५च्या ‘गीतारहस्या’चा कलही कर्माकडेच.

वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी मी पहाटे ध्यानाला बसत असे. त्यांची हाक आली की मनातून चिडायचो. उठायची ती आमची सौ. मुलाचा धर्म माझा, आणि पाळत होती ती! पुढे मी उठू लागलो, तरी बाबांनी एकदा ‘शाबास’ म्हणावं ही आशा होतीच. पण तोवर त्यांची स्मृती गेली होती. ते मला ओळखतही नव्हते. म्हणजे फळाचा त्याग मी केला नाही, तो माझ्याकडून झाला. तरीही त्या दिवसांत मन जितकं शांत होतं, तितकं आसनावर कधी झालं नाही.

अजूनही पहाटे बसतो. खोलीचं दार मात्र उघडं ठेवतो, हल्ली सौ.चे गुडघे दुखतात.