कुऱ्हाड उचलण्याआधी झाडाखाली उभे राहा

(सोनपेठ येथील शेतकरी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायचं सोडून हा माणूस आज झाडं छाटण्यावर बोलणार, असं कळल्यावर मागे दोघं-तिघं हसले. हसा. पण इथं बसलेल्या प्रत्येकाच्या धुऱ्यावर दोन-चार लिंब आहेत. कुणाच्या विहिरीवर आंबा आहे, कुणाची अर्धा एकर बोर आहे, कुणाचं सीताफळ आहे. कापूस बोंडअळीनं नेला, ज्वारीला ओल पुरली नाही, अशा वर्षी घरात चार पैसे आणायला हीच झाडं उरतात. आणि ह्याच झाडांवर आपण, चुलीला सरपण कमी पडलं की, कुऱ्हाड घेऊन चढतो.

मी आधी माझीच चूक सांगतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून बाहेर पडलो होतो, पदवीचा कागद नवा होता. एका शेतकऱ्यानं मला त्याची बोरीची बाग दाखवली. जून लागला होता, एक पाऊस होऊन गेला होता, बोरींना नवी पालवी आली होती. त्यानं विचारलं, "छाटायची राहून गेली, आता छाटली तर चालेल का?" मी म्हणालो, "ओल आहे, फूट जोरात येईल, छाटा." फूट जोरात आली. पण उन्हाळी विश्रांतीनंतर आलेली पहिली पालवी आम्ही कापून टाकली होती. दुसरी फूट, तिच्यावरचं फूल, त्याचं फळ, सगळंच मागे पडलं. फळ पोसायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली. बोरं सुपारीएवढी राहिली, निम्मी गळाली. त्याची बायको मला एवढंच म्हणाली, "साहेब, पुढच्या कापसाच्या बियाण्याचे पैसे आम्ही ह्या बोरांवर धरले होते."

तेव्हापासून मी झाडाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला सल्ला देत नाही. पहिला, ह्या झाडाचं फळ कोणत्या काडीवर येतं, यंदाच्या कोवळ्या की मागच्या मुरलेल्या? दुसरा, झाड आत्ता झोपलंय की जागं आहे?

बोर घ्या. बोरीचं फूल आणि फळ यंदाच्या नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतं. म्हणून बोर दरवर्षी छाटावी लागते. नाही छाटली तर फूट बारीक, फळ बारीक, आणि झाड काट्यांचं जाळं होऊन बसतं. कधी छाटायची? फळं उतरली, उन्हाळ्यात पानं झडली, झाड झोपलं, की. आपल्याकडं एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य, म्हणजे भरणी-कृत्तिकेचे दिवस. मुख्य चार-पाच फांद्यांचा सांगाडा ठेवायचा आणि मागच्या वर्षीची वाढ आखूड करायची. काटेरी फांद्या कुंपणाला लावा. आणि डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटवा आला असेल, तर तो कोणत्याही महिन्यात काढा. तो गावरान बोरीचा असतो. त्याला वाढू दिलं तर वरचं उमराण मरतं आणि खालचं रान उरतं. "माझी बोर बदलली" म्हणणाऱ्या किती जणांच्या बागेत हेच झालं आहे.

आंब्याचं उलट. मोहर येतो मुरलेल्या काडीवर. दिवाळीनंतर फांद्या छाटल्या तर त्या वर्षीचा मोहरच छाटला. आंबे उतरले की लगेच, आषाढाच्या आत, वाळकं आणि दाटीचं तेवढं काढा, म्हणजे नवी काडी मुरायला वेळ मिळतो. बांडगूळ दिसलं तर नुसतं वरचं उपटू नका, त्याची मुळी फांदीत शिरलेली असते. चिकटलेल्या जागेच्या वीतभर खाली फांदीच कापा, आणि तेही त्याची फळं पिकण्याआधी. पक्षी ती फळं खातात आणि बी शेजारच्या फांदीवर टाकतात.

सीताफळ थंडी सरता सरता पानं टाकतं. नवी फूट यायच्या आत हलकी छाटणी करा. झाडावर सुकून काळी पडलेली फळं लटकत असतात, ती वेचून जाळा, रोग त्यांच्यात मुक्काम करतो. पण पानं नाहीत म्हणून फांदी मेली असं समजू नका. नखानं साल खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर सरपण.

आता धुऱ्यावरचा लिंब. शेळ्यांना पाला हवा म्हणून आपण तो चैत्र-वैशाखातच बोडका करतो. पण त्याच वेळी तो फुललेला असतो. निंबोळी पिकून पडते जून-जुलैत. पाच किलो निंबोळीच्या चुऱ्याचा अर्क शंभर लिटर पाण्याला पुरतो, आणि तोच आपल्या कापसावर मारायचा असतो. फुलातला लिंब बोडका करायचा आणि मग दुकानातून बाटली आणायची, हा कुठला हिशेब? निंबोळी वेचून झाली की श्रावण-भाद्रपदात, रब्बी ज्वारीच्या पेरणीआधी, ज्वारीवर सावली धरणाऱ्या खालच्या फांद्या काढा. पाला शेळ्यांना, सरपण चुलीला, ऊन ज्वारीला. एका वर्षी सगळं झाड बोडकं करू नका.

कापायचं कसं, तेही ऐका. मोठी फांदी कुऱ्हाडीनं तोडू नका, करवत वापरा. आधी खालून थोडा काप द्या, मग वरून. नाहीतर फांदी आपल्या वजनानं खोडाची साल सोलत खाली येते. लांब खुंट ठेवू नका, तो वाळून आत कुजतो. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको.

कुणी म्हणेल, शेतकरी अडाणी म्हणून छाटत नाही. मला हे मान्य नाही. १९९० साली सरकारनं रोजगार हमीतून फळबागांची योजना काढली, २०१८ साली भाऊसाहेब फुंडकरांच्या नावानं दुसरी आली. अनुदान जगलेली रोपं मोजून, तीन वर्षांत संपतं. बोरीची छाटणी त्यानंतर दरवर्षी करायची असते, आणि तिची मजुरी आपल्या खिशातून जाते. भाव पडला की मजुरी निघत नाही, म्हणून छाटणी राहते. छाटणी राहिली की माल बारीक, आणि बारीक मालाला भाव नाही. ह्या चक्रात माणूस अडकला, त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. मजुरीला पैसे नसतील तर सगळी बाग अर्धवट छाटू नका. निम्म्या ओळी वेळेवर आणि नीट छाटा. दोन्ही ओळींच्या मालाचं वजन करा आणि पुढच्या वर्षी आपलं आपण ठरवा.

शेवटचं. येत्या श्रावणात, सगळं झाड हिरवं असताना, चुन्याचं डबडं घेऊन झाडाखाली उभे राहा. त्या दिवसांत मेलेली फांदी लपत नाही. तिच्यावर पांढरा पट्टा ओढा. घासणाऱ्या दोन फांद्यांतल्या कमजोर फांदीवर ओढा. उन्हाळ्यात पानं झडल्यावर सगळ्या फांद्या सारख्याच दिसतील, तेव्हा कुठली कापायची ते हा पट्टा सांगेल. सरपणासाठी घरातून कुणीही गेलं, तरी पट्टा बघूनच तोडेल. पुढच्या बैठकीला येताना किती पट्टे ओढले ते सांगा.