पाहुण्यांची भांडी



मी सातवी शिकलेली, पण भांड्यांचे सांगू शकते. सहा ताटे, बारा वाट्या, सहा फुलपात्री, तांब्या, सहा कपबश्या आणि डब्यात चिवडा-लाडू असले, की पाहुण्याला केव्हाही "या" म्हणता येते. पितळी भांड्याला कल्हई मात्र हवी, नाहीतर आंबट पदार्थ कळकतात.

पुष्कळ घरांत आणखी एक कप असतो. कान तुटलेला, खिडकीत निराळा ठेवलेला, कामाच्या बाईसाठी. १९५० साली लागू झालेल्या आपल्या घटनेने अस्पृश्यता बंद केली. हा कप राहिला. आपली सगळी भांडी तीच घासते, मग तिने प्यालेला कप विसळून चालत नाही काय? आमच्याकडे तिचा चहा याच सहांतून होतो. आपल्या मंडळातल्या प्रत्येक घरी तसाच व्हावा, एवढेच मागणे.